गिटारच्या पोटातली कांडी

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी बहिणीकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरलेला आणि त्यावर गिटार उताणी पडलेली! तारा काढून बाजूला गुंडाळून ठेवलेल्या, वरचं पांढरं प्लॅस्टिकचं झाकण उलटं केलेलं आणि त्याच्या मागे लाल, काळ्या, पांढऱ्या वायरींचा हा एवढा गुंता. माझी भाची हातात पेचकस घेऊन ऑपरेशन थिएटरमधल्या डॉक्टरच्या थाटात बसलेली. शेजारच्या खुर्चीवर तिची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, तोंडाला पदर लावून.

मला पाहताच आजी म्हणाल्या, "अवं, पाह्य ना हिले! पोरीच्या जातीनं विजेच्या भानगडीत काहून पडावं? शॉक बसला म्हंजे?"

स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला, "दादाला येऊ दे कॉलेजमधून, तो करेल." गंमत म्हणजे दादाला साधा फ्यूज बांधता येत नाही. पण तो मुलगा ना!

खरं सांगते, मीसुद्धा मनातून आजींच्याच बाजूची होते. बचत गटाच्या बैठकीत 'मुलगा-मुलगी समान' म्हणून तासभर बोलणारी मी. पण घरात मिक्सर बंद पडला, इस्त्रीची वायर जळली, की माझाही पहिला आवाज 'अहो, बघता का जरा!' असाच असतो. भाचीनं मात्र मान वर न करता एका वाक्यात आम्हा तिघींना गप्प केलं. "मावशी, गिटारमध्ये वीज येतच नाही. गिटारमधून वीज जाते."

आता हे काय नवीन? म्हणून मी खुर्ची ओढून बसले. आणि त्या दुपारी जे काही समजलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

साध्या गिटारला लाकडाचं पोकळ पोट असतं. तार छेडली की आवाज त्या पोटात घुमून मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटार बहुतेक वेळा भरीव लाकडाची असते. तिची तार नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जायची नाही. तिला आवाज देतो तो तारांच्या खाली बसवलेला पिकअप. त्याची बनावट इतकी साधी आहे की आश्चर्य वाटतं. लोहचुंबकाच्या सहा छोट्या कांड्या, म्हणजे सहा तारांखाली एकेक, आणि त्या सगळ्यांभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. बस्स! वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि खालच्या तांब्याच्या वेटोळ्यात इवलीशी वीज तयार होते. मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये जगाला दाखवलेलं हेच ते तत्त्व. आपल्या शाळेच्या दिवसांत सायकलच्या चाकाला घासून दिवा लावणारा डायनामो आठवतो ना? तो याच तत्त्वावर चालायचा. फक्त गिटारची वीज फारच थोडी, बहुधा टॉर्चच्या एका सेलपेक्षाही कमी. ती वायरीतून ॲम्प्लिफायरमध्ये जाते आणि तिथे मोठी होते. नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप मुकाच राहील, कारण चुंबक नायलॉनला ओळखत नाही.

भाचीच्या गिटारला असे तीन पिकअप. शिकवणीच्या पैशांतून साठवून तिनं ती कोणाची तरी वापरलेली गिटार घेतलेली. मधला पिकअप बंद. मल्टिमीटर लावून तिनं मला दाखवलं. चांगल्या दोन पिकअपवर काटा सहा हजार ओहमच्या आसपास जायचा, मधल्यावर जागचा हलायचा नाही. म्हणजे आतली तार कुठेतरी तुटलेली. आता काय करायचं? मी म्हटलं, "अगं, आपण रिवाइंडिंगवाल्याकडे जाऊ. कूलरची मोटार भरून देतो, तर हे काय!"

नागपूरचा मे महिना. दुकानासमोर जळलेल्या कूलरच्या मोटारींचा आणि पंपांचा ढीग. दुकानदार भाऊ भले माणूस. त्यांनी तो पिकअप तळहातावर घेऊन भिंगातून बघितला आणि हसले. "ताई, हे आमच्या हातचं काम नाही. आमची तार जाड. ही त केसावानी आहे." खरंच होतं ते. पिकअपला सहसा ४२ नंबरची तार वापरतात. तिची जाडी मिलिमीटरच्या सहा शतांश भागाइतकी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जवळपास. आणि अशा तारेचे वेढे किती? भाचीच्या गिटारसारख्या पिकअपवर आठ हजारांच्या आसपास! सगळी सोडली तर जवळजवळ किलोमीटरभर भरेल. भाऊंनी पैसे काही घेतले नाहीत, उलट भाचीला दोन डाग कसे पक्के लावायचे ते दाखवलं. "पहिले जागा तापव, मग सोल्डर लाव. सोल्डर तापवून थापशील त चिकटणार नाही." एवढं शिकून आम्ही परत आलो.

घरी आल्यावर आजींनी तो बंद पिकअप हातात घेतला. चष्मा नाकावर सरकवून त्यावरून अंगठा फिरवला. आणि म्हणाल्या, "अवं, ही त कांडी आहे!"

आजींचं माहेर पवनीचं. विणकरांचं घर. लहानपणी त्या आईशेजारी बसून चरख्यावर कांड्या भरायच्या. धोट्यात बसते ती कांडी. आजी सांगायला लागल्या, "ढिल्ली भरली त मांगावर गुतते, कसून भरली त सूत तुटते. बोटाले समजते, सांगता येत नाही." दिवसभर किती कांड्या भरायच्या, मी विचारलं. "कोणं मोजल्या? विणणारा बाप्पा. त्याच्या हाताले खळ पडू नये म्हून आम्ही भरत राहू."

मैत्रिणींनो, इथे मी जरा थबकले. आपल्या नागपूरच्या तांडापेठेत, गोळीबार चौकाकडे, हलबा-कोष्टी वस्त्यांमध्ये कामानिमित्त माझं जाणं झालेलं आहे. विणकर म्हटलं की मागावर बसलेला पुरुष डोळ्यांसमोर येतो. त्याच्या मागे, कोपऱ्यात चरखा घेऊन कांडी भरणारी बाई मोजदादीत कुठेच नसते. लुगड्याचं नाव नागपुरी, दुकानाचं नाव शेठजींचं, विणणारा विणकर. आणि जिच्या बोटांमुळे सूत तुटत नाही, तिला काय म्हणायचं? 'घरकामात मदत'!

इलेक्ट्रिक गिटारची गोष्टही अगदी अशीच आहे, हे मला नंतर कळलं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण १९५० च्या सुमारास त्यानं भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार कारखान्यात बनवायला घेतली आणि १९५४ मध्ये तीन पिकअपची 'स्ट्रॅटोकास्टर' बाजारात आणली. पुढे जगभर गाजली ती हीच. भाचीची गिटार तिचीच स्वस्तातली नक्कल. या फेंडरच्या कारखान्यात १९५६ मध्ये अबिगेल इबारा नावाच्या एक बाई कामाला लागल्या. काम कोणतं, तर पिकअपवर तार भरायचं. यंत्र फिरकी फिरवायचं, पण तार बोटांच्या चिमटीतून सोडायची. जास्त ताण दिला तर तुटणार, ढिली राहिली तर मोठ्या आवाजात गिटार शिट्टी मारल्यासारखी किंचाळणार. वेढे वाढवले तर आवाज दणकट होतो, पण त्याची वरची झळाळी कमी होते. तार कशी पसरत गेली यावरही सूर बदलतो. म्हणजे आजी म्हणतात तेच, बोटाले समजते!

इबाराबाई २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या हातून किती पिकअप गेले असतील याची कल्पनाच केलेली बरी. पोस्टरवर नाव वादकाचं, गिटारवर नाव फेंडरचं. पण या गोष्टीचा शेवट थोडा बरा आहे. उतारवयात का होईना, जाणकारांना त्यांचं नाव कळलं. त्यांची सही असलेले पिकअप लोक शोधून शोधून घेऊ लागले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या होसेफिना काम्पोस यांच्याकडे पुढे ते काम आलं. कांडी भरणारीचं नाव कांडीवर आलं! हे मी आजींना सांगितलं, तेव्हा त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत.

पिकअप दुरुस्त होणार नव्हता. मग भाचीनं काही शे रुपयांत नवा मागवला. पण तोवर तिच्या डोक्यात वेगळंच खूळ शिरलं होतं. नुसता बदलायचा नाही, जोडणीच वेगळी करून बघायची. आणि हे खूळ तिचं एकटीचं नाही बरं का! इलेक्ट्रिक गिटार जन्मली तेव्हापासून लोक तिच्या पोटातल्या वायरी अशाच बदलून बघत आलेत.

फेंडरच्याच गिटारचं घ्या. सुरुवातीला तिला तीन खाचांचं बटण होतं, एका वेळी एकच पिकअप चालायचा. वादकांना कळलं, की बटण दोन खाचांच्या मधोमध अडकवलं तर दोन पिकअप एकदम चालतात आणि काही निराळाच गोड आवाज येतो. लोक काड्या घालून बटण अडकवायला लागले. शेवटी १९७७ मध्ये कंपनीनं स्वतःच पाच खाचांचं बटण दिलं. वापरणाऱ्यांनी बनवणाऱ्याला शिकवलं ते असं.

दुसरी गोष्ट लंडनची. ब्रायन मे नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला गिटार हवी होती, पण विकत घ्यायला पैसे नव्हते. १९६३ मध्ये त्यानं वडिलांच्या मदतीनं घरीच करायला घेतली. दोन वर्षं लागली. दांडा केला शेकोटीच्या शंभरएक वर्षं जुन्या चौकटीच्या लाकडातून, त्यातली वाळवीसारख्या किड्यांची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवून! स्वरांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्यांची बटणं घासून बसवली. तार ताणायच्या दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई. पिकअपही आधी त्यानं स्वतःच गुंडाळले. ते मनासारखे झाले नाहीत, म्हणून तीन विकत आणले. पण जोडणी मात्र स्वतःची ठेवली. प्रत्येक पिकअपला चालू-बंदचं एक आणि वायर उलटसुलट करायचं एक, अशी सहा बटणं. हाच मुलगा पुढे 'क्वीन' या बँडचा गिटारवादक झाला आणि आयुष्यभर तीच घरची गिटार वाजवत राहिला. त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला! आपल्याकडेही असे प्रयोग झाले. लखनौहून मुंबईला आलेले व्हॅन शिप्ली आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. मुंबईचे सितारवादक नीलाद्री कुमार यांनी सितारीच्या तारा कमी करून, तिला पिकअप बसवून 'झिटार' केली.

ब्रायनची गोष्ट ऐकून बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आईची बटणं कापून घेतली म्हणजे!" तिला तेवढंच लक्षात राहिलं!

आता जोडणी म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. दिवाळीची जुनी माळ आठवा. एक बल्ब गेला की सगळी माळ बंद, कारण वीज एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. ही झाली सीरिज. घरातले दिवे तसे नसतात. बैठकीतला गेला तरी स्वयंपाकघरातला चालूच. ही पॅरलल. दोन पिकअप माळेसारखे जोडले की आवाज जाड, भरदार आणि मोठा होतो. घरच्या दिव्यांसारखे जोडले की मोकळा, स्वच्छ. गिटार तीच, बोटं तीच, फरक दोन वायरींचा.

भाचीनं आधी जुन्या जोडणीचा मोबाइलवर फोटो काढला, मग वहीत चित्र काढलं. मग नवा पिकअप लावला. तारा चढवल्या, ॲम्प्लिफायर लावला, आम्ही सगळे जमलो. एकटा मधला पिकअप छान वाजला. पण दोन पिकअप एकदम चालवले, तर आवाज चिरका, बारीक, नाकात बोलल्यासारखा! वर गूं... गूं... अशी गुणगुण. दादानं संधी साधली, "सांगितलं होतं ना, मेकॅनिककडे दे म्हणून!" पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझ्याही तोंडावर आलं होतं, की जाऊ दे बाई, ठेव ते. बरं झालं, बोलले नाही.

रात्री अकराला तिचा फोन. "मावशी, सापडलं! दोन वायरी उलट्या लागल्या होत्या."

झालं होतं असं. जात्याच्या खुंट्याला दोघी जणी धरतात. एकीनं इकडे ओढलं आणि दुसरीनं तिकडे, तर पीठ कुठून पडणार? दोन पिकअपची वीज तशी एकमेकींच्या विरुद्ध ओढत होती, म्हणून भरदार स्वर कापला जाऊन चिरका तेवढा उरला. मधल्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि आवाज गोल झाला. आणखी एक नवल म्हणजे दोन पिकअप एकदम चालवले की गुणगुणही गेली!

ती का गेली, हे तर फारच सुंदर आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. ट्यूबलाइट, पंखा, भिंतीतली वायर, सगळ्यांतून ती गुणगुण हवेत असते आणि पिकअपचं वेटोळं ती पकडतं. नव्या मधल्या पिकअपचं चुंबकही उलटं होतं आणि वेढेही उलटे. तारेचा सूर दोनदा उलटा होऊन सुलटा झाला. गुणगुणीला चुंबकाशी घेणं-देणं नाही, ती एकदाच उलटी झाली आणि शेजारच्या पिकअपच्या गुणगुणीनं खोडली गेली. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हीच युक्ती एकाच पिकअपमध्ये दोन वेटोळी बसवून केली. त्याला 'हमबकर' म्हणतात, म्हणजे गुणगुणीला हाकलणारा.

आणि तो चिरका आवाज? भाचीनं तो टाकला नाही. ब्रायन मेसारखंच, वायरी उलटसुलट करणारं छोटं बटण तिनं झाकणात बसवलं. म्हणाली, "हाही एक आवाजच आहे ना मावशी, कधीतरी लागेल." चुकलेलं फेकून न देता त्याला एक बटण द्यायचं, हे मला चाळीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

आता आजींची भीती अगदीच खोटी होती का? नाही. धोका कुठे आहे ते नीट माहीत हवं. वायर काढलेल्या साध्या गिटारमध्ये शॉक बसण्यासारखं काही नसतं. सोल्डरिंगचा कावीळा मात्र तव्यापेक्षा कितीतरी तापतो, म्हणून स्टँड हवा, खिडकी उघडी हवी, आणि सोल्डरमध्ये शिसं असू शकतं म्हणून काम झाल्यावर साबणानं हात धुवायचेच. ॲम्प्लिफायर मात्र घरी उघडायचा नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणी वीज साठून राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. वाजवणाऱ्याची बोटं तारांवर, तारा अर्थला जोडलेल्या. घराचं अर्थिंग बिघडलेलं असेल तर ॲम्प्लिफायरमधला दोष थेट बोटांत उतरतो. 'यार्डबर्ड्स' या इंग्लिश बँडचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना असाच शॉक बसून गेला. म्हणून तीन पिनांचा प्लग, आणि वायरमन बोलावून घराचं अर्थिंग तपासून घेणं. बहिणीच्या घरचं तपासलं, तर खरंच सैल निघालं! म्हणजे गिटारच्या निमित्तानं कूलर, फ्रिज, गीझर, सगळंच सुरक्षित झालं. आपल्या नागपुरात पाणी भरलेल्या लोखंडी कूलरला हात लावण्याआधी प्लग काढायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अर्थिंग तपासतं कोण?

'मुलीनं विजेला हात लावू नये' या वाक्यानं आपण मुलीला वाचवत नाही. तिला फक्त अडाणी ठेवतो. वीज तर तिच्या आयुष्यात राहणारच आहे, मिक्सरमध्ये, पंपात, ओल्या हातांशी, रोज. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हे ट्रेड मुलींनाही खुले आहेत. पण तिथवर ती पोचणार कशी, जर घरातला पेचकस नेहमी दादाच्याच हाती जात असेल?

तो बंद पडलेला पिकअप आता आजींच्या देवघराशेजारच्या फळीवर आहे. भाची गिटार वाजवायला बसली की आजी पुढ्यात येऊन बसतात. गाणी त्यांना फारशी कळत नाहीत. पण परवा शेजारच्या काकू आल्या होत्या, तर त्यांना गिटारकडे बोट दाखवून सांगत होत्या, "हिच्या पोटात कांडी आहे बरं का! बायांच्या हातची." मग हळूच नातीकडे वळून म्हणाल्या, "बाई, माया सेलवाला रेडिओ लय दिसापासून बंद आहे. पाह्यशीन काय?"